राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि एका शिंपीकाकांची झोप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि घराच्या खुणा थोड्या बदलल्या आहेत, नाव कुणाचंच दिलेलं नाही. ज्यांच्याभोवती हे घडलं त्यांना काका म्हणू, त्यांच्या पत्नीला काकू. मंडळीतही, म्हणजे आमच्या चर्चमध्येही, त्यांना सगळे असंच हाक मारतात. मी आमच्या मंडळीत घरभेटीचं काम करते, त्या नात्यानं या घरात माझं जाणं-येणं होतं.

काकांनी साठी ओलांडली आहे. धंदा शिंप्याचा, मुख्यतः शाळांचे गणवेश. शाहूपुरीच्या सखल अंगाला घर आहे: पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, जिन्यानं वर गेलं की एक खोली. जयंती नाला तिथून लांब नाही. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरून वस्तीत शिरतं. त्यामुळे या भागातल्या माणसाला नदी डोळ्यांनी दिसत नाही, पाणी मात्र दारात आलेलं असतं. नदीचा अंदाज घ्यायला त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. तिथं 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोक्याची. कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही हे दोन आकडे पाठ असतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये ही पातळी 55 फुटांच्या पुढं गेली. काकांच्या दुकानातले तागे, दोन शिलाई मशीन, ओव्हरलॉक, शिवून घडी घालून ठेवलेले गणवेश, सगळं चिखलात गेलं. कुटुंबाला बोटीतून बाहेर काढलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता आणि शहरात दूध, पेट्रोल, प्यायचं पाणी यांची मारामार होती. पतसंस्थेचं कर्ज काढून काकांनी दुकान पुन्हा उभं केलं. पुढच्या वर्षी कोरोना आला, शाळा बंद पडल्या, गणवेशांचं काम थांबलं. आणि 2021 च्या जुलैत नदी 2019 च्याही वर, 56 फुटांच्या पुढं गेली. या खेपेला मशीन आधीच वर नेली होती, पण कटिंगचं टेबल, कपाटं आणि भिंतीचा गिलावा गेला.

घराण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं. त्या कामातून पुढे जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतलं हे एक. काका लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेले, रविवारची उपासना न चुकवणारे. चिंतेवरची वचनं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. म्हणजे त्यांना ठाऊक नसलेलं असं आम्ही काही सांगणार होतो, अशातला भाग नव्हता.

अडचण नेमकी काय होती

2023 च्या पावसाळ्यात भगिनी मंडळाची प्रार्थना संपल्यावर काकू मागं थांबल्या. "ताई, ह्यांना झोपच न्हाई," एवढं म्हणून त्यांना रडू आलं. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत काका मोबाईल घेऊन बसत. गल्लीच्या ग्रुपवर, धंद्याच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर पातळीचे मेसेज यायचे. किती बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाचा कितवा दरवाजा उघडला, किती क्युसेक विसर्ग. एकच आकडा चार ठिकाणांहून आला तरी काका चारही वेळा वाचत.

मी घरी गेले तेव्हा त्यांनी मापाची वही दाखवली. वरच्या ओळीत कुठल्याशा मुलाचं माप: छाती 28, कंबर 25, उंची 17. त्याच्याखाली त्याच पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 1.40 ला 37 फूट 4 इंच. 2.10 ला 37 फूट 5 इंच. 2.35 ला तेच. पानंच्या पानं अशी होती. आणि काही नोंदी कोरड्या दिवसांतल्याही होत्या, जेव्हा नदी पात्रात होती आणि आकड्यांचं कुणाला देणंघेणं नव्हतं.

दिवसा त्याचे परिणाम दिसत होते. खडूच्या रेघेवरून कात्री सरळ चालेना. छातीत धडधड, तळव्यांना घाम, जेवण कमी. एकदा दुकानात बसल्या बसल्या श्वास अडकल्यासारखं झालं, हार्ट अटॅक आला असं वाटून थोरल्या मुलीनं रिक्षातून सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. घरी परत आले आणि त्या रात्री पुन्हा मोबाईल.

प्रार्थनेचंही तेच झालं होतं. काका गुडघे टेकायचे, मनापासून मागायचे, आणि 'आमेन' म्हणताच पातळी बघायचे. उतरली असेल तर आभार, वाढली असेल तर पुन्हा गुडघे. मी विचारलं, "काका, देवावर भरवसा नाही असं वाटतं का?" ते म्हणाले, "भरवसा हाय की ताई. पण दोनदा घर बुडालं तवा त्याला दिसलं न्हाई असं वाटतं. म्हणून आता मी जागा असतो."

या वाक्यात मला सगळं प्रकरण दिसलं. काकांनी देवाला सोडलं नव्हतं, देवाची रात्रपाळी स्वतःकडं घेतली होती.

पुढ्यात असलेले पर्याय

काकांचे एक नातेवाईक बाहेरगावाहून आले होते. त्यांच्या मते हा भीतीचा आत्मा होता. तीन दिवस उपास, तेल लावून प्रार्थना, आणि तोवर कुठलंही औषध घ्यायचं नाही. मंडळीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं निराळं होतं: चिंता करणं हे पाप आहे, काकांनी पश्चात्ताप करावा, कारण "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" असं प्रेषित पौलानं बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय. थोरली मुलगी म्हणत होती घर विका. पण पुरात दोनदा बुडालेल्या घराला गिऱ्हाईक कुठून मिळणार, आणि शाळा, पालक, धंदा सगळा इथलाच. काकूंना वाटत होतं सप्टेंबर येईल, पाऊस जाईल, आपोआप बरं होईल. आणि डॉक्टर हा एक पर्याय होता, जो काकांना नको होता. "ख्रिस्ती माणूस वेड्याच्या डॉक्टराकडं गेला म्हणजे साक्ष काय राहिली?"

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू, आणि मी बसून यावर बराच वेळ बोललो. उपास-प्रार्थनेला आमचा विरोध नव्हता, पण औषध थांबवायच्या अटीला होता. आधीच झोप आणि अन्न तुटलेल्या माणसाला तीन दिवस उपाशी ठेवणं आम्हाला पटेना. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली "आता माझा जीव घे" म्हणत पडला, तेव्हा देवाच्या दूतानं त्याला आधी झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. 1 राजे 19 मधला हा क्रम आमच्यासाठी महत्त्वाचा ठरला.

'चिंता म्हणजे पाप' हे म्हणणं मला जास्त घातक वाटलं, कारण ते अर्धं खरं आहे. ते वाक्य ज्या पत्रात आहे ते फिलिप्पैकरांस लिहिताना पौल कैदेत होता, आणि ते वाक्य तिथंच संपत नाही. प्रार्थना, विनंती, आभारप्रदर्शन यांसह मागणी देवाला कळवा, असं तो पुढं सांगतो, आणि मग बुद्धीच्या पलीकडच्या शांतीचं वचन देतो. तोच पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्यावर रोज असते हे न लाजता लिहितो. काकांच्या मनावर आधीच कर्ज, पूर आणि निद्रानाश होता. त्यावर अपराधाचं ओझं ठेवणं म्हणजे बुडत्याच्या हातात दगड देण्यासारखं झालं असतं.

पहिला निर्णय: डॉक्टर

पहिली गाठ इथं होती. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी आपली स्वतःची रक्तदाबाची गोळी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काका, ही रोज सकाळी घेतो आणि मग व्यासपीठावर चढतो. माझी साक्ष कमी झाली का?" काका काही बोलले नाहीत, पण चार दिवसांनी मुलीबरोबर गेले.

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी थायरॉईड आणि साखर तपासली, कारण थायरॉईड वाढलं तरी धडधड, घाम, अस्वस्थता अशीच असते. ते नॉर्मल निघाल्यावर त्यांनी सांगितलं की हा चिंताविकार आहे: सहा महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी, सोबत झोप आणि शरीराच्या तक्रारी. गोळी सुरू केली. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, सुरुवातीला थोडी बेचैनी वाढूही शकते, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी काकूंना समोर बसवून सांगितलं. ते सांगणं फार उपयोगी पडलं. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढलीच, आणि आधी माहीत नसतं तर गोळ्या नक्की कचऱ्यात गेल्या असत्या.

समुपदेशक बाईंनी आणखी एक गोष्ट समजावली. पातळी बघितली की काही मिनिटं जीव भांड्यात पडतो, पण मेंदू शिकतो की बघितलं म्हणून सुटलो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर बघायला लावतो. म्हणून बघणं एकदम बंद न करता ठरावीक वेळेला बांधायचं: सकाळी सात, संध्याकाळी सात. मंडळीच्या बाजूनं आम्ही जे करणार होतो, त्याला हे अगदी पूरक होतं.

याच दिवसांत एका रात्री काकांना पुन्हा श्वास अडकल्यासारखं झालं, तेव्हा काकूंनी 14416 वर फोन केला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या माणसानं श्वास मोजत मोजत बोलणं चालू ठेवलं. पाळकांना रात्री दोनला उठवायचा काकूंना संकोच होता, इथं तो नव्हता. आमच्या मंडळीच्या सूचनाफलकावर हा नंबर आता कायम लावलेला असतो.

वचन कोणतं?

घरप्रार्थनेला आलेल्या एका पाहुण्या उपदेशकांनी मार्काच्या चौथ्या अध्यायातला वादळाचा उतारा वाचला. येशू मचव्यात, म्हणजे नावेत, उशीवर डोकं ठेवून झोपलेला, शिष्य घाबरलेले, मग वारा पडला आणि अगदी निवांत झालं. उतारा सुंदर आहे, चिंतेच्या प्रसंगी तोच सुचतो. पण काका मध्येच बोलले, आणि मी त्यांना इतकं तीव्र बोलताना कधी ऐकलं नव्हतं: "त्यांचं वादळ थांबलं. आमच्यात पाणी वाढतच गेलं. मग आमच्या मचव्यात तो नव्हता काय?"

खोलीत सगळे गप्प. उपदेशक उत्तर द्यायला लागले तेव्हा पाळकसाहेबांनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि काकांना म्हणाले, "होय काका. वाढतच गेलं." एवढंच. त्या दिवशी पुढं प्रवचन झालं नाही, चहा झाला. मला वाटतं काकांचं बरं होणं तिथून सुरू झालं, कारण पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा पूर पूर म्हणून मान्य केला.

नंतर आम्ही स्तोत्र 131 कडं वळलो. ते तीनच ओव्यांचं आहे. आईजवळच्या दूध तुटलेल्या बालकासारखा माझा जीव शांत आहे, ही त्यातली ओवी सगळ्यांना ठाऊक असते. पण तिच्या आधीची ओवी घाईत निसटते: मोठमोठ्या, मला असाध्य अशा गोष्टींत मी पडत नाही. हा क्रम उलटा करून चालत नाही. आधी दावीद आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींतून हात काढून घेतो, मग त्याचा जीव लेकरासारखा स्वस्थ होतो. आणि हे लेकरू तान्हं नाही. तान्ह्याला आई जवळ आली की दूध हवं असतं, मिळालं नाही की रडतं. दूध तुटलेलं मूल आईजवळ नुसतं बसतं. ते रडून, झगडून या जागी आलेलं असतं, हेही विसरायला नको. काकांची प्रार्थना तोवर तान्ह्या बाळाची होती, पातळी उतरली का हे बघणारी. यात त्यांना कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. दोनदा घर बुडालेला माणूस आणखी काय मागणार?

पाळकसाहेबांनी विचारलं, "काका, राधानगरीचे दरवाजे कोण उघडतं?"

"कुणी न्हाई. सातही स्वयंचलित हायत. पाणी ठरल्या उंचीला आलं की आपोआप उघडतात."

"आणि तुम्ही रात्री जागलात तर?"

"तरीबी उघडतात," काका म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाचं एक दार काकांच्या जागण्यानं कधी मिटलं नव्हतं, हे त्यांच्याच तोंडून आलं.

बालकाप्रमाणे देवाचं राज्य स्वीकारा, हे येशूचं वचन आपल्याकडं बरेचदा भोळेपणाच्या अंगानं सांगतात: प्रश्न विचारू नका, काही वाईट होणार नाही असं माना. येशूनं स्वतः 'अब्बा, बापा' ही हाक अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत मारली, जिवाची तळमळ चालू असताना, आणि दुःखाचा प्याला टळला नाही. म्हणजे लेकराचा भरवसा आणि थरथरणारं शरीर एकाच माणसात एकाच रात्री असू शकतं. हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी "मग माझं हात थरथरतात ते?" असं विचारलं. "थरथरू देत," पाळकसाहेब म्हणाले.

मापाची वही

त्याच वहीत काकांनी मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'माझं', दुसऱ्या बाजूला 'बापाचं'. हे आम्ही सुचवलं असलं तरी काय कुठं लिहायचं ते काकांनीच ठरवलं. 'माझं'खाली आलं: जूनच्या पहिल्या आठवड्यात मशीन आणि तागे वर नेणं, गणवेशाच्या ऑर्डरी मेअखेर उरकणं, कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात, दुकानाचा विमा, राजारामपुरीत मेहुण्यांकडं जायची सोय आधी बोलून ठेवणं, गोळी. 'बापाचं'खाली: पाऊस, राधानगरी आणि अलमट्टी ही धरणं, नदी किती फूट होणार, घर राहणार की नाही.

कर्जाशी मात्र काका अडले. हप्ता भरणं त्यांचं काम, हे खरं. पण धंदाच बुडाला तर? शेवटी त्यांनी ते दोन्ही बाजूंना लिहिलं, आणि आम्ही ते तसंच राहू दिलं. सगळ्या काळज्या अशा सरळ रेघेच्या अलीकडं-पलीकडं बसत नाहीत.

रात्री नऊला दोघं नवरा-बायको ते छोटं स्तोत्र मोठ्यानं वाचत, 'बापाचं' बाजूचं एकेक नाव घेत, "हे तुझं" म्हणत, आणि मोबाईल काकूंच्या पत्र्याच्या पेटीत जाई. सुरुवातीच्या रात्री भयंकर गेल्या. काका पेटीभोवती फिरत. एकदा किल्ली मागून भांडले. पेत्राच्या पत्रात "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो" असं आहे. टाकलेली चिंता रात्रीतून दहा वेळा उचलून परत आणली जाते, आणि दहा वेळा पुन्हा टाकावी लागते, हे त्या घरात राहून कळतं.

मग एक दिवस काकांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. दुसरीतली नात शाळेतून आली, दप्तराचा पट्टा उसवला होता. तिनं दप्तर मशीनवर ठेवलं, "आजोबा, हे" म्हणाली आणि खेळायला पळाली. "कधी देणार, नीट शिवणार का, काय बी विचारलं न्हाई ताई. उभीबी राहिली न्हाई. आणि मी? देवाजवळ ठेवतो आणि टाका पडला का बघत मशीनजवळच उभा राहतो." त्या रात्री त्यांनी किल्ली मागितली नाही.

याचा अर्थ सगळं सुटलं असा नव्हता. दुसऱ्या रात्री मागितली. पण काय करायचं आहे याचं चित्र आता त्यांचं स्वतःचं होतं, आमच्या उपदेशातून आलेलं नव्हतं.

जुलै 2024

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली, आणि ती अपेक्षेच्या उलट दिशेनं आली. पाऊस वाढला तसे काका जरा जास्तच शांत दिसू लागले. सकाळ-संध्याकाळची पातळीही बघेनात. मुलीनं विचारलं तर म्हणाले, "आता बापावर सोडलंय. मी घर सोडणार न्हाई. भरवसा म्हणजे भरवसा."

मुलगी घाबरून माझ्याकडं आली. मंडळीत काहींना काकांचं हे बोलणं फार आवडलं, मोठा विश्वास म्हणून. मला तसं वाटलं नाही. पुराच्या पाण्यात बसून राहणं हे येशूनं मंदिराच्या शिखरावर नाकारलेल्या मोहाच्या जवळ जातं: स्वतःला खाली टाक, देवदूत झेलतील. शिवाय घरात काकू होत्या, नात होती. एका माणसाच्या विश्वासाची किंमत त्यांनी का मोजावी?

निर्णय असा झाला की पातळी थोरली बघेल, दिवसातून दोनदा, सरकारी सूचनेवरून. आणि ती "चला" म्हणाली की काका उठतील, वाद न घालता. काकांना हे पटवायला पूर्ण एक संध्याकाळ गेली. आयुष्यभर घराचे निर्णय घेतलेल्या माणसाला मुलीच्या हाकेवर उठायचं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की 2019 मध्ये नात बोटीत बसली ती 'आई उचलते आहे' म्हणून, तिनं पाण्याची खोली विचारली नव्हती. काका बराच वेळ कात्रीशी चाळा करत बसले. मग मुलीला म्हणाले, "तू म्हणशील तवा. पण एकदाच सांगायचं. दोनदा सांगितलंस तर मी भांडीन."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. थोरलीनं एकदाच सांगितलं. काकांनी दुकानाचं शटर ओढलं, मापाची वही बरोबर घेतली आणि सगळे राजारामपुरीला गेले. जाताना ते रडले, आणि कुणी त्यांना रडू नका म्हणालं नाही.

निष्पत्ती

दुकानात घोटाभर पाणी आलं. मशीन, तागे, कागदपत्रं वर सुरक्षित होती. फरशी धुऊन, भिंत वाळवून दुकान लवकरच चालू झालं. मेहुण्यांच्या घरी काका तीन-चार तास सलग झोपायचे, जागे झाले की 'बापाचं' बाजूची नावं पुटपुटायचे, कधी पुन्हा झोप लागायची, कधी नाही. वहीत त्या आठवड्यातला नदीचा एकही आकडा नाही.

गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी झाल्या आहेत, पूर्ण बंद नाहीत. पत्र्यावर रात्री जोरात पाऊस वाजला की काका अजूनही उठून बसतात. कर्ज चालू आहे. घर तिथंच आहे आणि ते पूरभागातच राहणार आहे. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असं मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाच्या बापानं येशूला म्हटलं होतं. काकांना ते वाक्य आता सगळ्यात जवळचं वाटतं. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, हे ते आवर्जून सांगतात.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

डॉक्टरांकडं नेणं पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं. सीपीआरमधला ईसीजी नॉर्मल आला तेव्हाच 'मग धडधड कशानं?' हा प्रश्न पुढं न्यायला हवा होता. 'काही नाही, टेन्शन आहे' म्हणून घरी आणलेल्या माणसाला टेन्शनच खात असतं.

रविवारच्या प्रार्थनेत काकांचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय जाहीर झालं. हेतू प्रेमाचा होता, पण त्यानंतर दोन रविवार काका आले नाहीत. आता मंडळीत आजारासाठी, विशेषतः मनाच्या आजारासाठी, नाव घ्यायचं तर आधी विचारायचं असं ठरलं आहे. मंडळीच्या ग्रुपवर पातळीचे मेसेज पुढं ढकलणंही थांबवलं. एकच जण रोज दोनदा अधिकृत सूचना टाकतो. यावर थोडी कुरबुर झाली, अजून होते.

वादळाच्या उताऱ्याबद्दल माझं मत असं झालंय की पूरग्रस्ताच्या घरात तो पहिल्या भेटीत वाचू नये. नंतर वाचावा, आणि तेव्हा शिष्यांचा प्रश्नही वाचावा: गुरुजी, आपण बुडतो याची तुम्हाला काळजी नाही का? तो प्रश्न विचारणाऱ्यांना येशूनं मचव्यातून उतरवलं नव्हतं.

आणि काकूंचं राहिलं होतं. वर्षभर किल्ली त्यांच्याकडं, फोन त्यांनी करायचा, गोळ्यांच्या वेळा त्यांनी पाळायच्या. त्या किती झोपतात हे आमच्यापैकी कुणाच्या बोलण्यात आलं नाही, ते समुपदेशक बाईंनी विचारलं. आता दर पंधरवड्याला भगिनी मंडळातली एक जण त्या घरी संध्याकाळी जाऊन बसते, मोबाईलच्या पेटीची किल्ली थोरलीकडं गेली आहे, आणि वहीत काकूंनी स्वतःसाठी वेगळं पान घेतलं आहे. त्यात काय लिहिलंय ते त्यांनी कुणाला दाखवलेलं नाही, आणि आम्ही विचारलेलंही नाही.